म्हातारं कुत्रं, म्हातारी मांजर : वर्षाची सुई पुरते का?

शहापूरची_सून :
नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात ज्यांच्या घरी वय झालेली कुत्री-मांजरं आहेत त्यांना विचारायचं होतं. आमची चिंगी पॉम म्हणजे पॉमेरेनियन कुत्री आहे, लहान चणीची, सहा किलोची, अकरावं संपत आलं. दरवर्षी या दिवसांत कार्ड घेऊन जातो, नाइन इन वन (कुत्र्यांच्या बऱ्याच रोगांची एकत्र लस) आणि रेबीजची सुई मारून आणतो, झालं. यंदा डॉक्टर म्हणाले, "आता हिचं वय झालं. रक्त-लघवी बघून घ्या आणि इथून पुढं सहा महिन्यांनी दाखवत चला." सासूबाई म्हणतात, धडधाकट कुत्रीला कशाला टोचायचं. नवरा म्हणतो, बिल वाढवायचे धंदे. मला दोघांचंही पुरतं पटत नाही आणि पुरतं खोडताही येत नाही.

तशी ती ठणठणीत आहे. खाणं थोडं कमी झालंय, पण उन्हाळाच आहे. पाणी मात्र खूप पिते आणि रात्री दोन-दोनदा उठून दार उघडायला लावते. डोळ्यांत निळसर झाक आलीय. आणि एक गंमत सांगते. दरवर्षी शिवजयंतीच्या चित्ररथांचा डॉल्बी गल्लीत शिरला की ही पलंगाखाली जाऊन थरथरत बसायची. यंदा उंबऱ्यापाशी पसरून झोपली होती, कानसुद्धा हलवला नाही. सासूबाई म्हणाल्या, शहाणी झाली.

तर लस पुरते, की तपासण्या खरंच लागतात?

खानापूरकर_रानातला :
ताई, मालक बरोबर बोलतात तुमचे. आमच्या रानात आजवर कितीतरी कुत्री झाली, एकानं डॉक्टर बघितला न्हाई. भाकरी-ताक खाऊन पंधरा पंधरा वर्षं काढली. शहरात तुम्ही लोकांनी कुत्र्याला माणसाचे रोग लावलेत. आज रक्त, उद्या लघवी. परवा ईसीजी काढा म्हणतील की ओ!

कॅम्पातला_म्हातारा :
काढतातच. आमच्या लॅब्राडोर कुत्र्याचा काढला. माझ्यापेक्षा चांगला आला.

गोठाडॉक्टर :
मी पशुवैद्य. नोकरी सगळी चिकोडी-रायबागकडं म्हशी-बैलांत गेली, आता निवृत्तीनंतर कुत्री-मांजरं बघतो. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर नंतर देतो. आधी एवढं सांगा : चिंगीचं गर्भाशय काढलंय का? नसेल तर शेवटची माजावर कधी आली होती?

शहापूरची_सून :
नाही काढलेलं. शिमग्याच्या आसपास आली होती. का हो डॉक्टर?

गोठाडॉक्टर :
मग उद्या सकाळी पहिल्यांदा तिला दाखवा आणि पोटाची सोनोग्राफी करा असं स्पष्ट सांगा. घाबरवत नाही, पण थांबूही नका.

गर्भाशय न काढलेली वयस्क कुत्री, माज होऊन महिना-दोन महिने झालेले, पाणी वाढलं, रात्रीची लघवी वाढली, खाणं कमी झालं – हे एवढं ऐकलं की आमच्या डोक्यात पहिली शंका गर्भाशयात पू झाल्याची येते. त्याला पायोमेट्रा म्हणतात. तोंड उघडं असेल तर खालून घाण जाते आणि घरच्यांना कळतं. तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, पू आत साठत जातो, विष अंगात भिनतं आणि कुत्री दोन-चार दिवसांत हातची जाते. कदाचित काही नसेलही. साखर असेल, किडनी असेल, नुसता उन्हाळा असेल. पण ते बघितल्याशिवाय म्हणता येत नाही.

पाण्याचा हिशेब सगळ्यांनीच शिकून ठेवा. सकाळी मापाची बाटली घेऊन एक लिटर पाणी भांड्यात ओता. मोरीतली बादली, कुंड्यांच्या खालच्या ताटल्या, अंगणातलं पिंप, सगळं झाकून टाका. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला उरलेलं मोजा. कुत्र्यानं चोवीस तासांत किलोमागं 100 मिलीच्या वर पाणी प्यायलं तर तो आजार शोधायचा. सहा किलोच्या कुत्रीला म्हणजे 600 मिली. मांजराला किलोमागं 50 मिलीसुद्धा जास्त. पण ताई, तुम्ही मोजत बसू नका, तुम्ही आधी जा.

खानापूरकर_रानातला :
हे खरं असंल तर बघून घ्या ताई. माझं बोलणं तब्येत बरी असलेल्या कुत्र्याबद्दल होतं.

गोठाडॉक्टर :
दादा, तब्येत बरी आहे असंच त्यांनीही लिहिलं होतं. आणि तुमच्या पंधरा वर्षं जगलेल्या कुत्र्यांचं म्हणाल तर जगलेलं लक्षात राहतं. पाचव्या-सहाव्या वर्षी "एक दिवस दिसलंच नाही" म्हणून सोडून दिलेली किती, तीही आठवून बघा.

खानापूरकर_रानातला :
त्यातली दोन बिबट्यानं न्हेली. त्याला कुठली लस देता?

गोठाडॉक्टर :
त्याला नाही. लेप्टोला आहे. तुमच्याकडं पावसाळाभर भाताच्या खाचरात पाणी, त्यात उंदरांचं मूत, त्यातून कुत्रं पोहत येणार आणि बाहेर येऊन पाय चाटणार. लेप्टोस्पायरोसिस तसाच होतो. किडनी आणि यकृत दोन्ही धरतो आणि माणसालाही होतो. म्हाताऱ्या कुत्र्याच्या किडनीत आधीच दम कमी, त्याला हे झेपत नाही.

लसींचा विषय निघालाय म्हणून सांगतो. "आता म्हातारं झालं, लस कशाला" हे चूक. पण दरवर्षी सगळ्याच लसी लागतात असंही नाही. डिस्टेंपर आणि पार्वो या कुत्र्यांच्या दोन जीवघेण्या रोगांच्या लसीची लहानपणची मात्रा आणि वर्षानंतरची बूस्टर नीट झाली असेल तर ते संरक्षण तीन वर्षं आणि त्याहून जास्त टिकतं, जगभरच्या पशुवैद्यांच्या संघटनेचा सल्लाही तसाच आहे. लेप्टोचं वर्षभरच टिकतं, म्हणून ती दरवर्षी, आणि आपल्या भागात मृगाच्या आधी. रेबीजची आपल्याकडं दरवर्षी, वयाची सबब चालत नाही. गल्लीतलं कुत्रं म्हाताऱ्यालाच आधी चावतं, त्याला पळता येत नाही. 28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमारास बऱ्याच ठिकाणी ही लस फुकट देतात. चौकशी करा.

कॅम्पातला_म्हातारा :
मूळ प्रश्न राहिला बघा डॉक्टर. सहा महिन्यांनी का? वर्षानं का नाही?

गोठाडॉक्टर :
"त्यांचं एक वर्ष म्हणजे आपली सात" हा हिशेब आधी सोडून द्या. ग्रेट डेनसारखं थोराड कुत्रं सहाव्या वर्षी म्हातारं होतं, लॅब आणि जर्मन शेफर्ड सात-आठला, पॉम-पग-डॅशंड नऊ-दहाला, मांजर दहाच्या पुढं. उतारवयात त्यांच्या एका वर्षात आपली चार-पाच वर्षं जातात, थोराड जातींत त्याहून जास्त. सहा महिन्यांनी दाखवा म्हणतो ते त्यासाठी. साठीनंतर तुम्ही स्वतः चार-पाच वर्षांत एकदाच बीपी बघता का?

आता तपासणीत काय होतं ते. सुई टोचायला दोन मिनिटं पुरतात, तपासणीला वीस मिनिटं तरी हवीत. वजन. तोंड उघडून दात आणि हिरड्यांचा रंग. जबड्याखालच्या आणि काखेतल्या गाठी. छातीला नळी लावून हृदय, दोन्ही बाजूंनी. पोट चाचपणं. कण्यावरून आणि मांड्यांवरून हात फिरवून स्नायू किती उतरलेत ते बघणं. मादी असेल तर सडांच्या सगळ्या जोड्या एकेक करून बोटांत धरणं, कारण कुत्रीच्या थानातल्या गाठींपैकी साधारण निम्म्या कर्करोगाच्या निघतात आणि मांजरीत दहातल्या आठ-नऊ. नर असेल तर वृषण आणि प्रोस्टेट. कातडीखालची मऊ, हलणारी गाठ बहुतेकदा नुसती चरबीची असते, पण नुसतं दाबून "चरबीच आहे" म्हणणाऱ्यावर विसंबू नका. सुईनं चार पेशी ओढून काचेवर बघायला फार वेळ लागत नाही.

मग रक्त. पेशींची मोजणी, क्रिएटिनीन (किडनीचं काम दाखवणारा आकडा), यकृताची एक-दोन एन्झाइमं, साखर, मांजर असेल तर थायरॉइड. इथं लोक फसतात. क्रिएटिनीन नॉर्मल आलं की "किडनी चांगली" म्हणून घरी जातात. किडनीचं जवळजवळ तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत ते वाढत नाही. चार गड्यांचं काम एकटा गडी ओढत असतो आणि मुकादमाला वाटतं सगळे कामावर आहेत. एसडीएमए नावाची चाचणी हे आधी सांगते, पण ती सगळीकडं होत नाही. लघवीची घनता मात्र कुठंही होते, एक थेंब पुरतो. कुत्र्याची 1.030 च्या वर आणि मांजराची 1.035 च्या वर असली की किडनी पाणी राखतेय असं समजायचं. त्यामुळं माझ्याकडं कोणी "रक्त करू का लघवी, एकच सांगा" म्हणालं तर मी दोन्ही सांगतो, आणि फारच ओढून धरलं तर लघवी सोडू देत नाही.

बरं असताना एकदा करून ठेवायचं याचं कारण असं, की छापील नॉर्मल आकडे हजार कुत्र्यांचे असतात. तुमच्या कुत्र्याचा आकडा तुमच्याच फायलीत पाहिजे.

आणि चिंगीच्या डोळ्यांतली निळसर झाक : वयानं भिंग घट्ट होतं, त्याची ती झाक. नजर फारशी जात नाही. मोतीबिंदू पांढरा दिसतो. डॉल्बीला न हलणं मात्र शहाणपण नव्हे, बहिरेपण. तिच्या मागून एकदम हात लावू नका, दचकून चावेल. समोरून जा, नाहीतर पायानं फरशीवर थाप मारा, हादरा कळतो त्यांना.

अथणीचा_कारवानवाला :
आमच्याकडं मुधोळचं कुत्रं आहे, कारवान म्हणतो आम्ही. टपाल खात्यानं 2005 साली तिकिटावर छापलं तेच. नऊ वर्षांचं, बेदाण्याच्या शेडवर राखणीला. रक्त केलं तर क्रिएटिनीन किंचित वर आलं आणि घरी रडारड झाली. बाकी कुत्रं सशामागं अजून धावतं.

गोठाडॉक्टर :
ग्रेहाउंडच्या बांध्याच्या कुत्र्यांत स्नायू जास्त, त्यामुळं त्यांचं क्रिएटिनीन मुळातच थोडं वर असतं आणि लाल पेशींचं प्रमाणही. ग्रेहाउंडमध्ये हे नीट नोंदलेलं आहे. मुधोळही त्याच चणीचं, म्हणून एका आकड्यावर निकाल लावायचा नाही. लघवीची घनता बघा, महिन्याभरानं रक्त पुन्हा करा. अंगात चरबी नसल्यानं अशा कुत्र्यांना भुलीची काही जुनी औषधं उतरायला फार वेळ लागतो, तेव्हा कधी ऑपरेशन निघालं तर जात आधी सांगा, गावठी म्हणून लिहू देऊ नका.

पण मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटतेय. बेदाण्याच्या शेडवर राखणीला, म्हणजे खाली पडलेले बेदाणे खातं का ते?

अथणीचा_कारवानवाला :
खातंय की. गोड लागतात त्याला. पोरं हातानं पण घालतात.

गोठाडॉक्टर :
आजपासून बंद. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी बंद पाडतात. एखाद्याला मूठभर पचतात, एखादं थोडक्यात जातं, आधी सांगता येत नाही. किंचित वर आलेल्या आकड्याचा याच्याशी संबंध आहे का ते तुमच्या डॉक्टरांना विचाराच, पण शेडवर बांधताना दोरी आखूड ठेवा किंवा राखणीची जागा बदला.

अथणीचा_कारवानवाला :
हे कोणी सांगितलंच नव्हतं. पोरांना सांगतो आजच.

गोळ्या_औषधं :
मी हिंदवाडीत औषध दुकान चालवतो, म्हणून एक विनंती. आठवड्यातून एक तरी गिऱ्हाईक येतं, "कुत्रं लंगडतंय, दुखण्याची गोळी द्या." मी देत नाही. पॅरासिटामोलची 500 ची एक गोळी मांजराचा जीव घेते, तिच्या यकृताला ती फोडताच येत नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण पाडतात आणि किडनीवर जातात, म्हाताऱ्याच्या तर हमखास.

डायक्लोफेनॅक जनावरांसाठी आपल्या देशात 2006 पासून बंद आहे, ते गिधाडांपायी. औषध दिलेलं ढोर मेलं की ते खाऊन गिधाडं मरत होती. केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकही 2023 मध्ये जनावरांसाठी बंद झालं. तरी माणसाच्या पाकिटातली गोळी कुत्र्याच्या भाकरीत जाते ती जातेच.

कॅम्पातला_म्हातारा :
लंगडण्यावरून आमचं सांगतो. आमचा लॅब दहा वर्षांचा. सकाळी उठला की मागचे पाय ताठ, दहा पावलं टाकली की सुटतात. पावसाळ्यात जास्त. डॉक्टरांनी आधी किडनी बघितली, मग मेलॉक्सिकॅम या दुखण्यावरच्या औषधाची कुत्र्याची मात्रा दिली, तीही सलग नाही. पण खरा फरक पडला तो फरशीनं. आमच्या जुन्या बंगल्यात शाहबादी होती तोवर बरं होतं. मुलानं हौसेनं गुळगुळीत टाइल्स बसवल्या आणि कुत्र्याचे पाय फाकायला लागले. आता हॉलपासून दारापर्यंत जाजमाची पट्टी अंथरलीय, पाहुणे हसतात. आणि चार किलो वजन उतरवलं. बेळगावात राहून कुंदा बंद करणं म्हणजे काय ते मला विचारा. तो माझ्या वाटणीचा खायचा.

दातांचंही लिहून टाकतो. त्याच्या तोंडाला इतका वास यायचा की नातवंडं जवळ घेईनात. भूल देऊन दात साफ करायचे म्हणाले तेव्हा मी नको म्हणालो, या वयात भूल कशाला. डॉक्टरांनी समजावलं, आधी रक्त बघू, छाती बघू, सलाईन लावू, श्वासाची नळी घालू. वरच्या मोठ्या दाढेवरून कीट निघालं ते अख्ख्या दाढेच्या आकाराचं, खाली हिरडी सडलेली आणि मूळ हलत होतं. दोन दाढा काढल्या. त्याआधी तो फक्त एका बाजूनं चावायचा हे आम्हाला नंतर लक्षात आलं, कारण आता बिस्किट तोंडात टाकलं की दोन्हीकडून कुडुम वाजतं.

गोठाडॉक्टर :
भुलीशिवाय दात घासून देतो म्हणणारे निघालेत. दिसतो तेवढा भाग पांढरा होतो, हिरडीखालचं तसंच राहतं. त्यात पैसे घालू नका. शिजवलेली हाडंही नकोत, दाढ चिरते आणि तुकडे आतड्यात टोचतात.

निपाणीची_माऊ :
मांजरवाल्यांचं कोणी बोलेना म्हणून मीच विचारते. आमची तेरा वर्षांची मांजरी भरपूर खाते, पूर्वीपेक्षा जास्तच, रात्री ओरडून मागते, पण हाडं लागायला लागलीत. शेजारीण म्हणते जंत. आणि तिला दवाखान्यात न्यायचं म्हणजे युद्ध. एकदा पिशवीतून सुटून रिक्षावाल्याच्या मानेवर चढली होती, तो रिक्षावाला आता आमच्या गल्लीत थांबत नाही.

गोठाडॉक्टर :
खाणं वाढलं आणि वजन उतरलं, तेरा वर्षांच्या मांजरीत हे म्हणजे आधी थायरॉइड, मग साखर, मग किडनी-आतडी. जंत शेवटी. पहिली दोन एकाच रक्तात कळतात. बीपीही मोजायला सांगा. थायरॉइड किंवा किडनीमुळं मांजरीचं बीपी चढतं आणि एखाद्या सकाळी ती अचानक भिंतींना धडकायला लागते. डोळ्यामागचा पडदा सुटलेला असतो.

मांजर दुखणं लपवतं. लंगडत नाही, फक्त कपाटावर उडी मारायची बंद होते, पाठीवरचे केस चाटणं सोडते, तिथं जटा होतात. लोक म्हणतात, मऊ झाली, शांत झाली. पाच किलोच्या मांजरीचं अर्धा किलो वजन गेलं तर आपलं सात किलो गेल्यासारखं समजा. महिन्यातून एकदा टोपलीसकट काट्यावर तोला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

न्यायचं कसं : झाकणाची टोपली वर्षभर घरात उघडी पडू दे, आत तिची जुनी गादी घाला, कधी कधी तिथंच खायला द्या. जायच्या दिवशी टोपली शोधून माळ्यावरून काढली की ती ओळखते. वरून चादर टाका, तिला रस्ता दिसता कामा नये. गर्दी नसेल अशी वेळ आधी फोन करून घ्या आणि टोपली कुत्र्यांच्या पायांशी जमिनीवर ठेवू नका.

निपाणीची_माऊ :
इथं आमच्या डॉक्टरांकडं रक्ताचं यंत्र नाही. माणसाच्या लॅबमध्ये चालतं का?

गोठाडॉक्टर :
साखर, क्रिएटिनीन चालतं. पेशींची मोजणी माणसासाठी लावलेल्या यंत्रावर चुकते, मांजरीच्या लाल पेशी लहान असतात आणि प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. काच करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. थायरॉइडसाठी मात्र जनावरांचा नमुना घेणारी लॅब हवी, निपाणीहून कोल्हापूर जवळ पडतं. रक्तासाठी आठ-दहा तास उपाशी, पाणी चालतं. साखरेची इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

खानापूरकर_रानातला :
1962 नंबरला फोन केला तर जनावरांच्या दवाखान्याची गाडी येते ना घरी? मग कोल्हापूर कशाला?

गोठाडॉक्टर :
ती गाडी मुख्यतः गुराढोरांसाठी, दारात उपचार मिळावा म्हणून. तुमच्या म्हशीला जरूर बोलवा. म्हाताऱ्या मांजरीच्या थायरॉइडसाठी नव्हे.

तुमच्या भागासाठी एक महत्त्वाचं राहिलं : गोचीड. कुत्र्याला गोचिडाचा ताप आला, नाकातून रक्त आलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या की लोक येतात. पण एर्लिकिया हा गोचिडातून येणारा जंतू अंगात वर्षानुवर्षं मुरून राहतो आणि म्हातारपणी पेशी कमी होऊन वर येतो. म्हणून वयस्क कुत्र्याच्या रक्तात प्लेटलेट बघायच्याच. आणि गोचिडावरचं म्हशीचं औषध पाण्यात कालवून कुत्र्याला आंघोळ घालू नका, मांजरीवर तर थेंबसुद्धा नको. कुत्र्यासाठीच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते लावलेल्या कुत्र्याला मांजर चिकटून झोपली तरी तिला झटके येतात.

खानापूरकर_रानातला :
म्हशीचंच लावत होतो. बरं. रेबीज आणि त्या लेप्टोचं करून घेतो पावसाच्या आधी. रक्ता-बिक्ताचं नंतर बघू.

गोठाडॉक्टर :
तेवढं केलंत तरी माझा संध्याकाळचा टायपिंगचा त्रास वसूल.

शहापूरची_सून :
मंडळी, उशीर झाला, माफ करा, घरात धावपळ होती. सोनोग्राफीत गर्भाशय फुगलेलं दिसलं, पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या. तोंड बंद होतं, म्हणून खाली काही दिसत नव्हतं. त्याच दिवशी सलाईन आणि अँटिबायोटिक लावलं, दुसऱ्या सकाळी गर्भाशय काढलं. डॉक्टरांनी ट्रेमध्ये दाखवलं, दोन्ही बाजूंना फुगलेल्या नळ्या, सहा किलोच्या जिवात एवढं मावलं कसं कळेना. आता घरी आहे. गळ्यात प्लास्टिकची कॉलर, ती दाराच्या चौकटीला आपटत फिरते. खायला लागलीय. पाणी आज मोजलं, साडेतीनशे मिली.

नवरा रोज सकाळी बाटलीनं मोजून पाणी ओततो आणि वहीत लिहितो. मला हात लावू देत नाही.

कॅम्पातला_म्हातारा :
शाब्बास चिंगी! टाके काढल्यावर गोडधोड नको हो, मी आधीच सांगून ठेवतो.

गोठाडॉक्टर :
छान झालं. दोन-तीन आठवड्यांनी रक्त आणि लघवी पुन्हा करा. पूमुळं किडनीला मार बसतो, तो उतरला का ते बघायचं. आणि लहान जातीची आहे, तिचं हृदय डाव्या बाजूनं ऐकून घ्या, पॉममध्ये म्हातारपणी झडप गळते. घरी एक करा : गाढ झोपली की छाती किती वेळा वर होते ते मिनिटभर मोजा. तीसच्या आत पाहिजे. रोज त्याहून वर जायला लागलं, किंवा रात्री खोकला सुरू झाला, तर मला विचारत बसू नका, सरळ जा.

शहापूरची_सून :
लघवी पुन्हा म्हणालात, पण ती धरायची कशी? दवाखान्यात त्यांनी सुईनं काढली होती. ही खाली बसते तेव्हा पोट जमिनीला टेकतं, वाटी सरकवली की उठून जाते.

कॅम्पातला_म्हातारा :
लांब दांड्याची पळी. धुऊन, उकळून, कोरडी करून. मागून हळूच सरकवायची, तोंडापुढून नाही. सकाळची पहिली धरा.

गोठाडॉक्टर :
बरोबर. सुरुवातीची थोडी जाऊ द्या, मधली धरा. चमचाभर पुरते. स्वच्छ बाटलीत घालून तासाभरात पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवून दुपारपर्यंत. मांजरवाल्यांनी तिच्या ट्रेमधली माती काढून धुतलेले थर्माकोलचे मणी घालावेत, ते शोषत नाहीत, लघवी खाली साठते, ड्रॉपरनं ओढून घ्यायची.

शहापूरची_सून :
पळी आणते मग उद्या बाजारातून. घरची उचलली तर सासूबाई मला आणि चिंगीला दोघींनाही बाहेर काढतील.